मागचा कार्ब्युरेटर

१

रबराची नळी कानाला लावून तुम्ही कधी एखाद्या गाडीचा श्वास ऐकला आहे का?

हसू नका, खरंच विचारते आहे. इंजिनाला नुसतं पेट्रोल पुरत नाही, हवाही लागते, आणि दोन्ही एकत्र करून आत सोडायचं काम कार्ब्युरेटर करतो. साध्या जुन्या गाडीला असा एक पुरतो. पण काही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना दोन असतात, एकाच दांडीला जोडलेले, जुळ्या भावांसारखे. पुढचा पुढच्या दोन सिलिंडरांना भरवतो, मागचा मागच्या दोघांना. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. एकाने जास्त ओढली आणि दुसऱ्याने कमी, तर गाडी एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घातल्यासारखी चालते.

हवा सारखी आहे की नाही, ते ऐकून कळतं. नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाशी. आतून ‘स्स्स’ असा आवाज येतो. एकदा पुढचा ऐकायचा, एकदा मागचा. दोन्ही आवाज एका उंचीचे झाले की जमलं. हल्ली त्यासाठी काट्याचं यंत्र मिळतं, पण आमच्या ह्यांना ते आवडत नाही. “काटा खोटं बोलतो, कान नाही,” असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात.

गंमत अशी की कान माझा असतो.

ह्यांना कमी ऐकू येतं. सगळं आयुष्य इंजिनांशेजारी गेलं, त्याचं हे फळ. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलंही हळूहळू जाईल. कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते लावलं की पाना पडल्याचा आवाज आणि माणसाचा आवाज एकाच मापाने येतो, म्हणून ह्यांनी ते काढून ठेवलं. गिऱ्हाइकांना आम्ही यातलं काही कळू दिलं नव्हतं. ज्याला इंजिन ऐकू येत नाही, त्याच्या हाती जुनी गाडी कोण देईल?

म्हणून आमची एक पद्धत पडली. हे बॉनेटखाली वाकून स्क्रू फिरवतात. मी शेजारी उभी राहून नळीने ऐकते, आणि माझा मोकळा हात ह्यांच्या पाठीवर असतो. एक बोट टेकवलं की हवा वाढवा. दोन बोटं टेकवली की कमी करा. आणि सबंध तळहात पाठीवर ठेवला की झालं, सारखं आहे, नट आवळा. हे कुणी ठरवलं नव्हतं. संसारात पुष्कळ गोष्टी न बोलता ठरत जातात, तसंच हेही. बघणाऱ्याला वाटायचं, बायको मायेने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. आणि तेही काही खोटं नव्हतं.

२

ती गाडी वकीलबाईंची होती. गडद निळी, दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसल्यासारखं. छप्पर नव्हतं. ती दारात आली तेव्हा लंगडत आली. आवाज ‘भुर्र’ व्हायच्या ऐवजी ‘भुर्र-भक, भुर्र-भक’ असा.

“पळते तेव्हा छान पळते,” वकीलबाई उतरताना म्हणाल्या. “सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि निघताना झटके देते. याआधी एकाकडे नेली, तर तो म्हणाला, कार्ब्युरेटर काढून टाका, नवीन पद्धतीचं काहीतरी बसवू. म्हटलं, तुमचे दात काढून टाकू का?”

हे मनापासून हसले. समोरून बोललेलं त्यांना ओठांवरून कळतं. मग वकीलबाई गाडीकडे वळल्या आणि डिकीतून पिशवी काढता काढता त्यांनी विचारलं, “कधीपर्यंत देता?”

हे रुमालाने हात पुसत राहिले.

“सोमवारी सकाळी घेऊन जा,” मी घाईने म्हटलं.

वकीलबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. माणसांच्या तोंडावरचं वाचणं हा त्यांचा धंदाच. “मला कुणीतरी सांगत होतं की मिस्त्रींना हल्ली...” त्या थांबल्या. “जाऊ दे. लोक काय, बोलतातच. ही नीट झाली तर माझ्या ओळखीत अशा पुष्कळ गाड्या आहेत. सगळ्या तुमच्याकडे पाठवते.”

नीट झाली नाही तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

त्या गेल्यावर ह्यांनी विचारलं, “पाठ करून काय म्हणाल्या?”

“सोमवारी चालेल म्हणाल्या.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“तुझा चेहरा आणखी काहीतरी म्हणतोय.” ह्यांनी बॉनेट वर उचललं आणि बराच वेळ आत नुसतं बघत राहिले. मग गाडीलाच विचारल्यासारखं म्हणाले, “तू शेवटची नाहीस ना गं?”

३

दोष शोधायला ह्यांना कान लागत नाही. चारही प्लग काढून त्यांनी बाकावर ओळीने मांडले. पुढचे दोन तपकिरी, असावेत तसे. मागचे दोन काजळीने काळेकुट्ट.

“मागचा अधाशी आहे,” हे म्हणाले. “नुसता ढोसतोय.”

मागचा कार्ब्युरेटर उघडला. वाटीत पेट्रोल भरलं की ते थांबवणारी सुई झिजलेली निघाली. ती बदलली. कार्ब्युरेटरच्या पोटात एक दट्ट्या असतो, हवा ओढली गेली की तो वर सरकतो. तो पुसून, वरून तेल घालून परत बसवला. हा दट्ट्या बोटाने उचलून सोडला की ‘टक’ असा खाली बसला पाहिजे. पुढचा बसला. मागचाही बसला, पण किंचित उशिरा, आणि पडल्यासारखा नाही. कुणीतरी धरून अलगद ठेवल्यासारखा.

“ह्यात तेल जाड पडलं का?” मी विचारलं.

ह्यांनी डबा दाखवला. दोघांत एकाच डब्यातलं तेल होतं.

तेवढ्यात माझी नणंद चहा घेऊन आली. भिंतीपलीकडेच तिचं शिवणकामाचं दुकान आहे.

“दादा, चहा!”

हे वाकलेलेच.

“दादा! अरे, गाडी पेटली तुझी!” तरी काही नाही. ती माझ्याकडे वळली. “वहिनी, ह्याला ऐकू येत नाही की ऐकायचंच नाही?”

“दोन्ही थोडं थोडं.”

“म्हणजे लहानपणापासून काही फरक नाही.” तिने कप त्यांच्या नाकाखाली नेला.

“ओरडतेस कशाला?” हे दचकून म्हणाले. “मी काय बहिरा आहे?”

आम्ही तिघंही हसलो. ह्यांचं हसू सगळ्यांत आधी थांबलं.

४

दुपारी इंजिन सुरू केलं. दोन्ही कार्ब्युरेटरना जोडणारी दांडी सैल करून ठेवली, म्हणजे एकेकाची हवा वेगळी लावता येते. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, मी नळी घेतली.

पुढचा ऐकला. शिट्टी न वाजवता ओठांतून हवा सोडावी, तसा स्वच्छ, सरळ आवाज. मागचा ऐकला. तसाच, पण जरा खाली. मी ह्यांच्या पाठीवर एक बोट टेकवलं.

आवाज वर चढला. छान, पुरे, असं मनात म्हणत मी सहज खाली बघितलं, तर ह्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर स्क्रूपर्यंत पोचलाच नव्हता. तो आत्ता पोचला, त्यांनी तो फिरवला आणि आवाज आणखी वर गेला. आता जास्त झाला. मी दोन बोटं टेकवली. आवाज उतरला. ह्यांचा हात अजून घाम पुसायला कपाळावर होता.

मला वाटलं, चुकीचं बघितलं. चालत्या इंजिनात आवाज आपोआपही हलतो. गरम होईल तसा चढतो, पंखा सुरू झाला की बदलतो. हे सगळं मला माहीत आहे. म्हणून मी पुन्हा करून बघितलं, मुद्दाम, ह्यांच्या हातावर डोळा ठेवून. बोट टेकवलं, आवाज आधी हलला, हात मागाहून. दर वेळी तसंच.

आणि त्या ‘स्स्स’च्या मागे आणखी काहीतरी होतं.

तुम्ही रिकाम्या खोलीच्या दाराला कान लावलात तर काही ऐकू येत नाही, पण ते ‘काही नाही’ खोलीएवढं मोठं असतं, हे कळतं. तसं होतं ते. कार्ब्युरेटरचं तोंड चहाच्या कपाएवढं. त्याच्यामागे बोटभर जागा, मग इंजिन. तिथे एवढं मोठं ‘काही नाही’ मावायला जागाच नव्हती.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला ते आणखी ऐकावंसं वाटलं.

५

मी माझ्या परीने सगळं तपासलं. नळी बदलली. दुसऱ्या नळीतूनही तसंच. कान बदलला. डाव्या कानालाही तसंच. पुढच्या कार्ब्युरेटरला लावून बघितली, तिथे साधी हवा. बाकावर लावली, भिंतीला लावली, पाण्याच्या टाकीला लावली. हे लांबून बघत होते.

“टाकीला ताप आहे का, डॉक्टरीणबाई?”

“बघते आहे नळी फाटलीय का ते.”

मग मी नणंदेला हाक मारली आणि नळी तिच्या कानाला लावली.

“काय ऐकायचं?”

“ऐक आणि सांग.”

“सूं वाजतंय. कुकरची शिट्टी अडकल्यासारखं.”

“आणि त्याच्यामागे?”

“त्याच्यामागे तू उभी आहेस आणि माझं डोकं खातेस.” पण तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचा आवाज मऊ झाला. “वहिनी, मला मशीन बंद केल्यावरसुद्धा टाके ऐकू येतात. कानाला सवय लागते गं. थोडी पड जा.”

ते पटण्यासारखं होतं. मी जवळजवळ पटवून घेतलंही. ह्यांनी इंजिन बंद केलं, हात धुवायला मोरीकडे गेले, नणंद दुकानात गेली. गॅरेज गप्प झालं. आणि मी, नुसती खात्री करायची म्हणून, नळी परत मागच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरली.

इंजिन बंद. हवा ओढायला कुणी नाही. आत काहीच ऐकू यायला नको.

आत कुणीतरी दगडावर पाना ठेवला.

आमच्या बाकावर गालिच्याचा जुना तुकडा टाकलेला आहे, हत्यारं गडगडू नयेत म्हणून. जमिनीवर रबराच्या चटया आहेत. आमच्याकडे पाना ठेवला तर ‘धप्’ असा आवाज होतो. हा तसा नव्हता. मग पाय सरकल्याचा आवाज आला. मग सगळं थांबलं.

ते थांबणं मी ओळखलं. ती शांतता कुणी नसल्याची नव्हती. मी ऐकायला लागले की आपोआप श्वास धरते, नाहीतर माझाच श्वास नळीत घुमतो. पलीकडे कुणीतरी तसाच श्वास धरला होता.

६

शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही आवाज सारखे झाले नाहीत. आम्ही पुढचा वाढवावा तर मागचा त्याच्याही पुढे जाई, कमी करावा तर त्याहून खाली उतरे. अरुंद दारात दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात ना, तसं. ह्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त माझी बोटं कळत होती, एक, दोन, एक, दोन, आणि तळहात काही पडत नव्हता.

शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

“काय झालंय?”

“मागच्याचा आवाज मला नीट लागत नाहीये,” मी म्हटलं. एवढंच म्हणायचं धाडस झालं.

त्यांनी हात पुढे करून माझ्या कानावरचे केस बाजूला केले, आत काही दिसेल असं वाटल्यासारखं. “तुझेही?” ते म्हणाले.

“नाही हो.”

“खरं सांग.”

“नाही म्हटलं ना. माझे कान ठणठणीत आहेत. आवाजातच काहीतरी आहे.”

“माझे गेले ते मी मनाशी मान्य केलंय,” हे म्हणाले. ते असं कधी बोलत नाहीत. “इंजिनाचं दुःख नाही गं तेवढं. घरात तू काहीतरी बोलत असतेस, मला नुसते ओठ हलताना दिसतात. मी अंदाजाने हो म्हणतो. पण निदान तुला तरी ऐकू येतं, याचा धीर होता.”

यानंतर मी त्यांना दगडावर ठेवलेल्या पान्याबद्दल काय सांगणार होते?

ते घरात गेले. मी आवरायच्या निमित्ताने मागे राहिले. उजेड होता अजून. नळी मागच्या कार्ब्युरेटरला लावली आणि तिच्या कडेवर नखाने दोनदा वाजवलं. टक, टक.

काही नाही. माझं मलाच हसू आलं. एवढी मोठी बाई, आणि पोराटोरांसारखे खेळ.

मग आतून एकदा वाजलं.

आवाज परतून आला असता तर लगेच आला असता, आणि दोनदा आला असता. हा थांबून आला, विचार करून आल्यासारखा, आणि एकच. आमच्या भाषेत एक म्हणजे, वाढवा.

७

रविवारी नणंदेचं दुकान बंद होतं. रस्ताही सामसूम. शटर अर्धं वर केलेलं, खालून ऊन गाडीच्या चाकांपर्यंत आलेलं. हे सीटवर बसून किल्ली फिरवायच्या तयारीत होते.

“थांबा जरा,” मी समोर जाऊन हाताने खूण केली. “आत घाण राहिलीय का बघते.”

मी टॉर्च घेऊन वाकले. आत काय दिसायला हवं ते मला पाठ आहे. खाली बसलेला दट्ट्या, आणि त्याच्या पलीकडे हवेचा रस्ता बंद करणारी पितळी चकती. गाडी बंद असताना ती मिटलेली असते. दट्ट्या बोटाने उचलून उजेड टाकला की ती पिवळी चमकते, आणि तिथे बघणं संपतं.

मी उजेड टाकला. दट्ट्या वर उचलला गेला.

मी हात लावला नव्हता. इंजिन बंद होतं. तो सावकाश, एकसारखा वर गेला आणि वरच राहिला, पलीकडून कुणी बोटाने धरल्यासारखा. आणि पितळी चकती चमकली नाही. उजेड आत जात राहिला. मग बराच आत तो कशाला तरी टेकला.

एक काळी गोल कड. रबराची. खालच्या बाजूला जराशी घासून बोथट झालेली, रोज लोखंडाला टेकवून होते तशी. नळीचं तोंड होतं ते, आणि ते माझ्याकडे होतं.

त्या नळीच्या मागे काहीतरी फिकट होतं, वळणावळणाचं. माझा उजेड पडताच ते नळीपासून दूर झालं. आणि ते जिथून सरकलं, तिथे दुसरं काहीतरी येऊ लागलं. ऐकायचं सोडून मी बघायला वाकले होते. पलीकडेही तेच चाललं होतं.

दट्ट्या ‘टक’ असा खाली बसला.

मी मागे झाले. तरीही, विश्वास ठेवा, मला पुन्हा वाकून बघावंसं वाटत होतं. पण ह्यांना माझं मागे होणं म्हणजे ‘झालं बघून’ असं वाटलं. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. ते उतरून आले, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि बॉनेटखाली वाकून थांबले. त्यांची पाठ माझ्या हाताची वाट बघत होती.

उद्या सोमवार होता. वकीलबाई येणार होत्या.

मी नळी कानाला लावली. पुढचा ऐकला. मागचा ऐकला. एक बोट टेकवलं. ह्यांनी स्क्रू केसभर फिरवला. या वेळी आवाज त्यांच्या आधी हलला नाही. त्यांच्याबरोबर हलला. मी पुढच्याकडे गेले, परत मागच्याकडे आले. दोन्ही जवळ येत होते. आणखी जवळ. मागच्याच्या तळाशी ती मोठी खोली तशीच होती, धरलेला श्वास तसाच होता. मीही श्वास धरला होता. आता फक्त एवढासा फरक उरला होता. आणखी एकदा वाढवावं म्हणून मी बोट उचललं.

माझ्या पाठीवर कुणीतरी तळहात ठेवला.

सबंध तळहात, पाची बोटं पसरून, दोन खांद्यांच्या मधोमध. जोराने नाही. आपलं माणूस ठेवतं तसा.

माझ्या मागे भिंत होती. तिच्यावरचा पाने टांगायचा फळा माझ्या कपड्यांना लागत होता, मध्ये माणूस उभं राहायला जागा नव्हती. मी पुढे झुकले, तोल गेला, आणि धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझा हात ह्यांच्या पाठीवर पडला. पुरता पसरलेला.

ह्यांनी मान हलवली आणि पाना उचलला.

“थांबा!” मी म्हटलं. मग ओरडले, “अहो, थांबा! झालं नाही!”

त्यांना कुठलं ऐकू येणार? त्यांनी एक नट आवळला. मग दुसरा. मग दोघांना जोडणारी दांडी घट्ट केली. मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं तेव्हा ते हसऱ्या चेहऱ्याने वळले. त्यांना वाटलं, मी आनंदाने हलवते आहे.

इंजिन इतकं शांत चाललं होतं की इंजिनावर ठेवलेला सुटा स्क्रूसुद्धा थरथरत नव्हता.

८

मी मागे वळून बघितलं. फळ्यावर सगळे पाने आपापल्या जागी होते.

मग मी नळी पुन्हा लावली, कारण न लावणं मला जमलं नसतं. पुढच्यात हवा, मागच्यात हवा. दोन्ही एका उंचीचे. मागे खोली नाही, श्वास नाही, काही नाही. इंजिन बंद करायला लावून ऐकलं. लोखंडाच्या पोकळ तुकड्यात काय ऐकू येणार, तेवढंच. दट्ट्या उचलून टॉर्चचा उजेड टाकला. पितळी चकती जागच्या जागी, पिवळीधमक.

“आता काय बघतेस?” हे म्हणाले. “एवढी देखणी झालीय का?”

त्यांनी मला गाडीत बसवून एक चक्कर मारली. उघड्या गाडीत वारा दोन्ही कानांवर आपटत होता. वळणावर गाडी थांबली तेव्हा थरथरली नाही, निघाली तेव्हा झटका दिला नाही. ह्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि काहीतरी बोलले. वाऱ्यात मला ते कळलं नाही. मी अंदाजाने हो म्हटलं.

संध्याकाळी वकीलबाईंना फोन करून गाडी तयार असल्याचं मीच कळवलं. त्या पलीकडून फार हळू बोलत होत्या. मला वाटलं, त्यांचा फोनच तसा असेल.

माझ्या पाठीवरचा तो हात मात्र गेला नाही. दुखत नव्हतं, जडही नव्हतं. नुसता ठेवलेला होता. मी ह्यांना काही सांगितलं नाही. ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत जेवले, आणि तो सूर माझ्या आठवणीत होता तसा बेसूर नव्हता. मी त्यांच्याकडे बघत बसले, त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशासमोर माझ्याकडे पाठ करून दाढी करत होते. चहा झालाय, असं मी नेहमीच्या आवाजात, स्वतःशी म्हणावं तसं म्हटलं. ह्यांनी मागे न बघता उत्तर दिलं. ते काय म्हणाले, हे मला दोनदा विचारावं लागलं.